साक्षीदाराची सही

सोलापूर, ५ फेब्रुवारी २०२५

नीलम्मा,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दामच लिहिलं नाही. मागची दोन पत्रं तू न उघडता परत केलीस, हे तरी उघडलं जावं म्हणून ही लबाडी. तरी पत्त्याचं अक्षर तू ओळखशीलच. ट्रेनिंगला तीन वर्षं एका खोलीत आणि पुढे नऊ वर्षं एका वॉर्डात काढली आपण.

माफी मागायला लिहीत नाही. ती मागच्या पत्रांत मागितली होती, आणि तू ती वाचली नाहीस ते बरंच झालं. ती धड नव्हती. आज लिहितेय कारण एक गोष्ट माझ्याच्यानं कुणाला सांगवत नाही, आणि ज्याला सांगितली तर पहिल्या वाक्यातच कळेल असं तुझ्याशिवाय कुणी नाही.

तू गेल्यावर दोन वर्षांनी मीही ते हॉस्पिटल सोडलं. आता एका वीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात इन्चार्ज आहे. वॉर्ड आणि थिएटर दोन्ही माझ्याकडेच. मालक म्हणजे गंगाधर सर, स्वतः सर्जन.

काल एका बाईचे टाके काढले. सोजरबाई नाव, वय एकोणतीस. केमजवळच्या वस्तीवरची, पण सध्या श्रीपूरला कारखान्यावर ऊसतोडीला. आमच्या हॉस्पिटलनं तिथं तपासणी शिबिर घेतलं होतं, तिथूनच गाडीत घालून आणली. ओटीपोटात दुखायचं. सोनोग्राफीत बीजकोषावर गाठ निघाली. सत्तावीस जानेवारीला ऑपरेशन झालं. टाक्यांत पाणी धरलं म्हणून आठवडाभर ठेवून घेतली.

मी टाके काढत होते आणि ती छताकडं बघत बोलत होती. बडबडी नाही, पण प्रश्न फार. हे काय लावलं, ते काय टोचलं. मग एकदम म्हणाली, "सिस्टर, आता पाळी कदी यील वो माजी?"

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला.

तिची पिशवी काढली आहे, नीलम्मा. दोन्ही बीजकोषही. तिला ते माहीत नाही.

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचार."

"त्यास्नी काय इचारू. बाप्या माणसाला. तुमीच सांगा की."

मी ट्रे उचलला आणि निघून आले. पुढचे दोन टाके राहिले होते, ते काढायला दुसरीला पाठवलं.

संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पण समजावून सांगताना मी तिथं नव्हते. तिला काय सांगितलं, काय नाही, मला ठाऊक नव्हतं. हे तुला आधीच सांगून ठेवते.

आज सरांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, सवडीनं एक ओळ घाला. ती फाइल मी दिवसभर काखेत घेऊन हिंडले. स्टोअरमध्ये गेले, गच्चीवर गेले. आत्ता घरी भात कुकरला लावलाय आणि शिट्ट्या मोजायचं विसरलेय. उठते.

मालती


सोलापूर, ८ फेब्रुवारी

नीलम्मा,

पत्र परत आलेलं नाही. अर्थात तीनच दिवस झाले.

ती ओळ काय होती ते सांगते. "गर्भाशय व दोन्ही बीजकोष काढण्याबाबत रुग्णास समजावून सांगितले." संमतीपत्रात तेवढंच नाही. तिथं फक्त गाठ काढण्याचं लिहिलंय, तेही इंग्रजीत. आणि खाली सोजरबाईची सही. अंगठा नव्हे, सही. चौथी शिकलेली आहे ती. मराठी वाचते. तिच्या हातात तिला वाचता येईल असा कागद कुणी दिलाच नाही.

काल सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ही ओळ आता कशी घालायची?"

"पेनानं." ते हसले. वाईट हसले नाहीत, थकून हसले. "तुमच्या सहीच्या वर जागा आहे बघा. तारीख सत्तावीसच."

"पण तिला माहीतच नाही, सर."

"नवऱ्याला सांगितलं होतं. आत चिकटून बसलं होतं सगळं. उद्या काही वाढलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, सरांनी तेव्हाच का नाही काढलं."

"नवऱ्याची संमती चालत नाही, सर. बाई सज्ञान आहे, शुद्धीत होती."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मालतीबाई, किती वर्षं झाली तुम्हाला इथं? आजवर कधी मला कायदा शिकवला नाहीत."

खरंच नाही शिकवला. शिकवणार कशी? दर सोमवारी सकाळी दहा-बारा कोऱ्या फॉर्मांवर मी साक्षीदार म्हणून सह्या करून ठेवते. धावपळीत मला शोधत बसायला नको म्हणून. तो फॉर्म त्याच गठ्ठ्यातला. सोजरबाई हॉस्पिटलात पोचायच्या आधी माझी सही तिची साक्षीदार झाली होती.

तू हे वाचताना उभी राहिली असशील. वॉर्डात कुणी असं काही केलं की तू खुर्चीत बसून ओरडायची नाहीस, उभी राहून ओरडायचीस.

सर काही राक्षस नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. कोविडात पंधरा-पंधरा दिवस हा माणूस घरी गेला नव्हता. म्हणूनच मला त्यांच्यापुढं बोलता येत नाही. राक्षस असते तर सोपं होतं.

सोजरबाईच्या नवऱ्याला, सयाजीला, जिन्यात गाठलं. म्हटलं, तुम्हाला काय सांगितलं होतं? तो माझ्याकडं न बघता बोलला. "डाक्टर म्हनले पिशवी काडावी लागंल, न्हायतर क्यान्सर व्हईल. मुकादमबी म्हनला, काडून टाक, तरास मिटंल. मी भिलो बाई."

"आणि तिला?"

"तिला म्हनलो गाठ हाय. पिशवी म्हनलो असतो तर ती टेबलावर चडलीच नसती."

घरी देवयानीचा अभ्यास चालू आहे. माझी लेक. तू पाहिलीस तेव्हा तिसरीत होती, आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा जवळ आली की मोठ्यानं वाचते. आज स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मला सांगत होती, "आई, विचार ना. संमती कधी ग्राह्य?" आणि मी विचारायच्या आतच म्हणू लागली, "रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितलेलं हवं. दडपण नको. नाही म्हणायची मोकळीक हवी. साक्षीदारानं समोर असायला हवं."

मी पोळी लाटत होते. ती म्हणाली, "बरोबर का?" मी म्हटलं, "बरोबर." पोळी तव्यावर जळली. ती म्हणाली, "आई, तुझं लक्ष कुठंय?"

सोमवारी सोजरबाईला घरी सोडणार आहेत. ओळ अजून घातलेली नाही. नाही म्हणूनही सांगितलेलं नाही.

मालती


सोलापूर, १० फेब्रुवारी

सांगितलं.

अक्षर कसं येतंय बघ. पण आजच लिहिते, उद्या मी यात काहीतरी सारवासारव करीन.

अकरा-साडेअकराची वेळ. राउंड संपला होता. तिनं पिशवीत लुगडी भरून ठेवली होती आणि खाटेवर पाय सोडून बसली होती. मला बघून म्हणाली, "सिस्टर, तुमी तवापासनं आलाच न्हाई."

मी पडदा ओढला. शेजारी बसले. म्हटलं, "सोजरबाई, तू पाळीचं विचारलं होतंस. ती आता येणार नाही."

"महिनाभर?"

"कधीच नाही. तुझी पिशवी काढलीय."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं रडेल, किंचाळेल, मला मारेल. तिनं पदर नीट केला.

"आनि?"

"आणि दोन्ही बाजूचे बीजकोष. ज्यात गाठ होती तो, आणि दुसराही."

"गाठ काडली नव्हं?"

"तीही निघाली त्यात."

"वाईट हुती ती?"

रिपोर्ट चार दिवसांपूर्वी आला होता. साधी गाठ. मी म्हटलं, "नाही. वाईट नव्हती."

बराच वेळ ती बोटं मोजत होती. मग मला कळलं, ती वर्षं मोजत होती. "आरोही सा वर्साची हाय," ती म्हणाली. "मागं एक झालं हुतं, फडावरच. आठ महिन्याचं हून गेलं. ह्या ऊसतोडीच्या पट्ट्यानंतर अजून एक हू द्यायचं ठरलं हुतं आमचं."

मग म्हणाली, "कागद दावा."

मी फाइल आणली. तिनं आधी स्वतःची सही बघितली, बोट फिरवून. "ही माजीच. वर काय लिवलंय?" मी ओळ न् ओळ मराठीत वाचली. खाली आले तेव्हा तिनं माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"ही कुनाची?"

"माझी."

"मंजी हे तुमास्नी वाचता येत हुतं की."

एवढंच म्हणाली, नीलम्मा. आवाजही चढवला नाही.

मी तिला सांगितलं की सगळे कागद मागायचा तुला हक्क आहे, लेखी अर्ज दे, बहात्तर तासांत द्यावे लागतात. अर्ज तिनं माझ्यासमोर लिहिला. दोन ओळी लिहायला वीस मिनिटं लागली. मी हात लावू का म्हटलं तर नको म्हणाली.

मग नर्सिंग नोट्सच्या पंधराव्या पानावर मी वेळ टाकून लिहिलं. रुग्णानं काय विचारलं, मी काय सांगितलं, संमतीपत्रात पिशवीचा उल्लेख नाही हे वाचून दाखवलं. सही केली. ही सही मात्र लिहून झाल्यावर केली.

सयाजी बाहेर बाकावर होता. ती त्याच्यासमोरून चालत गेली. तो पिशवी घ्यायला पुढं झाला, तिनं दिली नाही. जखम अजून ओली असताना स्वतः उचलून नेली.


सोलापूर, २७ फेब्रुवारी

नीलम्मा,

तीनही पत्रं तुझ्याकडेच आहेत, म्हणजे निदान परत आलेली नाहीत. वाचतेस की बंबात घालतेस ते कळायला मार्ग नाही. दोन्ही चालेल.

बारा तारखेपासून मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. लेखी काही नाही. सरांनी स्वतः फोन केला, "थोडे दिवस विश्रांती घ्या." इतक्या वर्षांत पहिल्यांदा सकाळी सातला मी घरात असते. काय करावं कळत नाही. काल मसाल्याचे सगळे डबे रिकामे करून घासले. परवा देवयानीचा शिवलेलाच ड्रेस उसवला आणि परत शिवला. रेल्वे लाइन्सपासून सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत जाते आणि तलाव न बघता परत येते.

पंधरा तारखेला भर दुपारी सयाजी दारात. आत येईना. कागदांची प्रत हातात होती. म्हणाला, "तिनं पाठवलंय. ह्यातलं कंचं पान न्हाई ते सिस्टरला इचारून ये म्हनली." मी पानं लावली. चौदानंतर थेट सोळा. आणि संमतीपत्रावर ती ओळ होती, माझ्या सहीच्या वर, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.

तो म्हणाला, "ती माज्याशी बोलत न्हाई. तिच्या अंगातनं वाफा निगत्यात म्हनती, घामानं भिजती. ह्ये काय असतं?"

मी त्याला सांगितलं काय असतं. तो उंबऱ्याबाहेर बसला आणि डोकं धरलं. मी पाणी दिलं. त्याच्यावर मला राग धरता आला नाही. त्याला तरी कुणी धड सांगितलं होतं?

सोजरबाईनं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात तक्रार दिली आहे. माझाही जबाब मागितलाय. पाच दिवस तोच लिहीत होते. पहिला लिहिला त्यात होतं, "कोऱ्या फॉर्मवर सही करण्याची चूक माझ्याकडून झाली, मात्र शस्त्रक्रियेबाबत मला कल्पना नव्हती." छान जबाब होता. देवयानीनं वाचला आणि म्हणाली, "आई, तू थिएटर इन्चार्ज आहेस ना? मग हत्यारं कुणी काढून ठेवली?"

वीस वर्षांची पोर.

तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं मला ठाऊक नव्हतं. खोटं लिहिलं होतं. त्या सकाळी थिएटरच्या यादीत तिच्या नावापुढं पिशवी काढण्याचंच ऑपरेशन होतं. आत उघडल्यावर दिसलं वगैरे काही नाही. ट्रे मीच लावला. गाठीचा ट्रे वेगळा, पिशवीचा वेगळा, तुला सांगायला नको. मी पिशवीचा लावला.

आणखी आहे. ती टेबलावर झोपलेली होती, कमरेत इंजेक्शन द्यायचं होतं. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "सिस्टर, गाठच काडायची न्हवं?" मी त्या ट्रेशेजारी उभी होते. मी म्हणाले, "व्हय बाई. झोप आता."

ती एका वाक्यात थांबली असती, नीलम्मा. मी "थांब, सरांना विचार" एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. माझं काही जात नव्हतं. यादी लांब होती, इतकंच. खाली अजून तीन ऑपरेशनं होती.

पहिला जबाब फाडला. दुसऱ्यात हे सगळं लिहिलं. वीस तारखेला नेऊन दिला, पोच घेतली.

आणि आता ते लिहिते ज्यासाठी तू माझी पत्रं परत करत होतीस.

२०१३ साली त्या दिवशी, चौकशीत सांगितलं तशी, मी औषधांच्या कपाटापाशी नव्हते. तुझ्या शेजारी होते. फोन तुझ्या कानाला होता, तरी डॉक्टरांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. इंजेक्शनचं नाव, डोस, सगळं. तू परत वाचूनही दाखवलंस. लिहून घ्यायच्या आत पेशंट बिघडला म्हणून तू आधी इंजेक्शन द्यायला धावलीस. त्याला रिअॅक्शन आली, तो गेला, आणि डॉक्टर म्हणाले मी असं काही सांगितलंच नव्हतं. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मी ऐकलं नाही."

तू परत केलेल्या पत्रांत मी लिहिलं होतं की मी घाबरले होते, देवयानी लहान होती. घाबरले होतेच. पण मला इन्चार्ज करायचं बोलणं चाललं होतं, तेही होतं. महिन्याभरात झालेच. तुझं रजिस्ट्रेशन दोन वर्षांसाठी गेलं, पेपरात नाव आलं, तू अक्कलकोटला निघून गेलीस. मी तुझ्या जागेवरची खुर्ची खिडकीकडं सरकवून घेतली, तिथं वारं येतं म्हणून.

लिहून झालं. आता जरा चालून येते.

मालती


सोलापूर, १९ एप्रिल

नीलम्मा,

परवा चौकशी झाली. समिती तिघांची होती, दोन डॉक्टर आणि एक वकीलबाई. एका टोकाला सर, एका टोकाला मी, मध्ये सोजरबाई. तिच्यासोबत सयाजी आला होता, पण त्याला बाहेर बसवलं. तिनंच बसवलं.

ती वाळलीय. उन्हाळा आहे म्हणावं तर तिच्या अंगावरचा घाम उन्हाचा नव्हता. मध्येच पदरानं मानेला वारा घालायची आणि सगळे तिच्याकडं बघायचे.

सरांना विचारलं, उघडल्यावर निर्णय घेतलात का? ते हो म्हणाले. मग वकीलबाईंनी थिएटरची यादी दाखवली, सकाळी साडेआठची. सर यादीकडं बघत म्हणाले, "तिच्या भल्यासाठीच केलं." मला वाटतं ते खरंच तसं मानतात.

मग माझा जबाब मोठ्यानं वाचला. मला वाटलं होतं नुसता फाइलला लागेल. कारकुनानं एकसुरी आवाजात वाचला, सह्यांचा गठ्ठा, ट्रे, यादी. "व्हय बाई, झोप आता" हेही वाचलं, बाकीच्या ओळींसारखंच. तेव्हा सोजरबाईनं पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली. टेबलावरचं तिला आठवत असणारच. पण शेजारी कुठला ट्रे मांडला होता, ते तिला आत्ता कळलं.

अध्यक्षांनी तिला विचारलं, "बाई, तुम्हाला या सिस्टरबद्दल काही म्हणायचंय?"

ती उठून उभी राहिली. "म्हनायचंय की. हिला शिक्षा करा."

"करू. अजून?"

"पर कामावरनं काडू नका."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही माफ केलंत त्यांना?"

"माफ कशापायी करीन? माजं गेलं ते गेलं." तिनं मानेवरचा घाम पुसला. "हिला आता भ्या बसलंय. हिच्या जागी दुसरी यील, तिला नसंल. तितं आमच्यासारक्या बाया येत्यात."

मी खाली बघत होते. नीलम्मा, मला कुणी इतकं सरळ कधी ओळखलं नव्हतं.

संमती ग्राह्य नाही असं समितीनं लिहिलं आहे. सरांचं प्रकरण त्यांच्या कौन्सिलकडं आणि माझं माझ्या कौन्सिलकडं जाईल. तोवर थिएटर बंद. माझं रजिस्ट्रेशन सहा महिने जाईल की कायमचं, सांगता येत नाही. देवयानीच्या कॉलेजात सगळ्यांना कळलंय. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही, फक्त माझी युनिफॉर्मची साडी धुऊन, इस्त्री करून कपाटात वर ठेवली.

बाहेर आल्यावर मी सोजरबाईच्या मागं गेले. म्हटलं, "हाडांची तपासणी करून घे, गोळ्या सुरू करायला हव्यात, मी बरोबर येते." ती म्हणाली, "तुमच्यासंगट न्हाई," आणि रिक्षात बसली.

यासोबत एक प्रतिज्ञापत्र आहे. २०१३ चं. फोनवरची तोंडी ऑर्डर मी ऐकली होती, असं नोटरीसमोर लिहून दिलंय. एक प्रत कौन्सिलला पाठवली, एक तुझी. उशीर किती झालाय ते मला सांगू नकोस, मला माहीत आहे.

मालती


सोलापूर, ६ मे

नीलम्मा,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं दिलं तेव्हा मी जिन्यात होते, तिथंच पायरीवर बसून उघडलं. पाच ओळी. पाचही पाठ झाल्या.

प्रतिज्ञापत्राचं काय करायचं ते तू ठरवशील आणि मी विचारायचं नाही, असं लिहिलंयस. विचारणार नाही.

पुढं लिहिलंयस, "दोन्ही बीजकोष गेलेत आणि वय एकोणतीस. तिच्याकडं कोण बघतंय? पत्ता पाठव." एवढंच. खाली नावही नाही.

कुणी बघत नाही. पट्टा पडला, ऊसतोड संपली, ती गावी गेली. माझ्याबरोबर येणार नाही. तू गेलीस तर येईल असं वाटतं. तू नर्स आहेस असं आधीच सांगू नकोस, किंवा सांग. तुला कळेल. सिव्हिलला हार्मोनच्या ओपीडीत मी बोलून ठेवलंय, नाव न घेता.

आपण ड्यूटी बदलताना सांगायचो तसं सांगते.

सोजरबाई, एकोणतीस, केम स्टेशनपासून दक्षिणेला दोन किलोमीटर, वस्तीवर पहिलंच घर, दारात शेवग्याचं झाड. एक मुलगी, आरोही, सहा वर्षांची. २७ जानेवारीला पिशवी आणि दोन्ही बीजकोष काढले. टाका उजव्या कडेला उशिरा भरला. घाम, वाफा, झोप नाही, सांधे दुखतात. कॅल्शियमसुद्धा चालू नाही. गोळ्यांची अॅलर्जी नाही. काय काढलं ते सांगितलंय. हाडं पुढं ठिसूळ होतील ते सांगितलेलं नाही, सांगायची संधी तिनं मला दिली नाही. हार्मोनच्या गोळ्यांचे फायदे-तोटे दोन्ही सांगावे लागतील. तिला न विचारता काही सुरू करायचं नाही. मराठी वाचते, म्हणून कागद मराठीत दे आणि तिच्या हातात दे. सयाजीला बाहेर ठेवायचं की आत, ते तिला विचार.

आणि घाई करू नकोस. ती एकच प्रश्न दोनदा विचारते. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, तरच विश्वास ठेवते.

मालती